एप्रिल-मेमध्ये हिमालयात बर्फाचं वादळ आलं तर काय करायचं: नाशिकच्या ट्रेकर्ससाठी हिमस्खलनाबद्दल सविस्तर

शाळा-कॉलेजच्या परीक्षा संपल्या की नाशिकमधून किती तरी ग्रुप हिमाचल-उत्तराखंडला निघतात, कोणी सार पासला, कोणी हमता, कोणी बुरान घाटी, तर कोणी नुसतं मनालीला जाऊन वर बर्फात फिरून यायचं म्हणून. यातले बरेच जण तयारीचे असतात, अंजनेरी-ब्रह्मगिरी तोंडपाठ, साल्हेर झालेला, अलंग-मदन-कुलंग झालेला, दम चांगला, पाय पक्के. पण सह्याद्रीत आपण निसरडा कातळ ओळखायला शिकतो, घसाऱ्यावर पाय कसा टाकायचा ते शिकतो, पावसात ओढ्याला पाणी कधी चढतं ते शिकतो, बर्फाचा उतार कसा बघायचा हे मात्र इकडे कुठेच शिकायला मिळत नाही, आणि तिकडे जीव जातो तो नेमका त्यातच. म्हणून हे सगळं एका ठिकाणी लिहितोय, जरा मोठं आहे पण जाणार असाल तर पूर्ण वाचा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. नाशिकमध्ये एप्रिलात पारा चाळिशीला टेकलेला असतो म्हणून आपल्याला वाटतं की तिकडेही आता बर्फ संपत आला असणार. ३५०० मीटरच्या वर तेव्हा हिवाळाभराचा बर्फ अजून पडलेलाच असतो, आणि वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणजे पश्चिमेकडून येणारे ढगांचे पट्टे एप्रिलमध्ये, कधी मेमध्येही नवीन बर्फ टाकून जातात. २३ एप्रिल २०२१ ला उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात सुमना इथे बीआरओच्या (सीमेवर रस्ते बांधणाऱ्या सरकारी संस्थेच्या) कॅम्पवर हिमस्खलन झालं ते अशाच जोरदार बर्फवृष्टीनंतर, रस्त्याच्या कामावरचे दहाहून जास्त मजूर गेले. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर १५व्या मैलाजवळ ७ पर्यटक गेले, ते काही गिर्यारोहक नव्हते, गाडीतून फिरायला आलेली साधी माणसं होती.

तिकीट काढतानाच दोन दिवस जास्तीचे धरा

सगळ्या लेखातलं हे एकच वाचलंत तरी चालेल म्हणून सुरुवातीलाच सांगतो. वादळ येऊन गेल्यावर पहिले २४ ते ४८ तास सगळ्यात धोक्याचे असतात, आणि त्यावर उपाय एकच, उताराखाली किंवा उतारावर न जाता थांबून राहणं. थांबायला दिवस लागतात. आपले प्लॅन कसे असतात? सोमवारी ऑफिस जॉइन करायचं, परतीचं रिझर्वेशन कन्फर्म, वेटिंगमधून कसंबसं मिळालेलं, त्यामुळे पासच्या दिवशी, म्हणजे खिंड ओलांडायच्या दिवशी, वातावरण बिघडलं की लीडरवर सगळे मिळून दबाव आणतात, सर जाऊया ना, एवढ्या लांबून आलोय, परवा दिल्लीहून गाडी आहे. खराब निर्णय डोंगरात होतोय असं वाटतं पण तो खरा झालेला असतो दोन महिने आधी तिकीट काढताना. म्हणून ट्रेक सहा दिवसांचा असेल तर आठ दिवस धरा, आणि ते दोन दिवस मनाली फिरायला नाहीत, वादळासाठी आहेत हे ग्रुपमध्ये सगळ्यांना पहिल्या मीटिंगलाच स्पष्ट सांगा. मोकळे दिवस मिळतच नसतील तर त्या सीझनला पास ओलांडायचा ट्रेक घेऊ नका, बुग्यालपर्यंत, म्हणजे उंचावरच्या कुरणापर्यंत, जाऊन त्याच वाटेने परत येणारा घ्या.

बर्फ सुटतो कसा

बर्फ एका वेळी पडत नाही, थरावर थर बसत जातो आणि प्रत्येक थर वेगळा असतो. वसंतात दिवसा उन्हाने वरचा बर्फ वितळतो, रात्री परत गोठतो, त्यामुळे वर गुळगुळीत कडक पापुद्रा तयार होतो. मग वादळ येतं आणि त्या गुळगुळीत पापुद्र्यावर फूट-दोन फूट नवा बर्फ येऊन बसतो, त्याला खालच्या थराशी नीट जुळायला वेळच मिळालेला नसतो. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीचा गिलावा कसा मोठाच्या मोठा पोपडा होऊन एकदम सुटतो तसा हा नवा थर अख्खाच्या अख्खा सुटतो, आणि माणूस त्याच्या मधोमध उभा असतो. याला स्लॅब अॅव्हलांच म्हणतात आणि जास्तीत जास्त लोक यातच जातात.

आणखी एक गोष्ट, जी नवीन माणसाला पटत नाही. आपल्याला वाटतं हिमस्खलन म्हणजे वरून कुठून तरी आपोआप येणारी गोष्ट, नशिबाचा भाग. असं नसतं. ट्रेकर, स्कीवाले, गिर्यारोहक यांचे जे अपघात होतात त्यात साधारण दहापैकी नऊ वेळा तो स्लॅब त्याच माणसाच्या नाहीतर त्याच्याच टीममधल्या कोणाच्या तरी वजनाने सुटलेला असतो. म्हणजेच कुठे पाय टाकायचा आणि कुठे नाही हे बऱ्यापैकी आपल्या हातात आहे, आणि हे शिकण्यासारखं आहे.

वारा हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. वारा एका बाजूचा बर्फ उचलून धारेच्या पलीकडच्या बाजूला नेऊन टाकतो, आणि आकाशातून पडतो त्याच्या कितीतरी पट वेगाने तिथे साठा करतो. त्यामुळे कॅम्पवर अर्धा फूटच पडला म्हणून निश्चिंत होऊ नका, वाऱ्याच्या आडोशाच्या उतारावर तेवढ्याच वेळात तीन फूट बसलेला असू शकतो. असा साठलेला बर्फ दिसायला गोलसर, गुळगुळीत, उशीसारखा फुगलेला दिसतो आणि काठी आपटली तर पोकळ आवाज येतो. धारेवर पुढे आलेलं बर्फाचं छज्जं दिसलं तर ज्या बाजूला ते झुकलंय त्या बाजूला साठा आहे असं समजा, आणि त्या छज्ज्यावर फोटोसाठी जाऊ नका, ते तुम्हाला वाटतं त्याच्या बरंच मागून तुटतं.

उताराचा अंश ओळखायला नाशिकमध्येच शिका

हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशाच्या उतारावर सुटतात, त्यातही ३८ च्या आसपास सगळ्यात जास्त. ३० च्या खाली क्वचित सुटतात, फार उभ्या उतारावर बर्फ साठतच नाही, सारखा झडत राहतो. अडचण ही की चालायला बरा वाटणारा, वर जाताना झिगझॅग करावा लागतो असा उतार नेमका याच पट्ट्यात येतो, आणि डोळ्याने अंदाज घेतला की आपण हमखास चुकतो.

याची प्रॅक्टिस इकडे करता येते आणि फुकट होते. मोबाईलमध्ये उताराचा अंश दाखवणारं लेव्हलचं अॅप टाका, रविवारी पांडवलेणीच्या डोंगरावर किंवा अंजनेरीला गेलात की वाटेवरच्या गवताच्या उतारावर काठी आडवी टाका, त्यावर फोन ठेवा, पण आधी मनाशी अंदाज करा आणि मग आकडा बघा. काही रविवार हे केलं की ३० अंश म्हणजे किती हे डोळ्यात बसतं. फोन थंडीत बंद पडतो म्हणून काठ्यांची पद्धतही शिकून घ्या, ती अशी: दोन सारख्या लांबीच्या काठ्या घ्या, एक उतारावर सरळ उभी धरा, दुसरी तिच्या मध्यावर टेकवून चढाच्या दिशेने आडवी, एकदम सपाट धरा. आडव्या काठीचं टोक जेमतेम जमिनीला टेकलं तर उतार साधारण २६-२७ अंश. टोक पोचायच्या आधीच जमीन आडवी येत असेल तर उतार त्याहून जास्त, म्हणजे आता सावध व्हायचं.

नकाशावर पण हेच बघायचं. १०० मीटर उंची जर १७० मीटरपेक्षा कमी आडव्या अंतरात चढत असेल तर तो उतार ३० च्या वर गेला. पासच्या दिवसाची सगळी वाट अशी नकाशावर तपासा, आणि फक्त तुम्ही चालणार तो उतार नाही, त्याच्या डोक्यावर काय आहे तेही. तुम्ही सपाट जागी चालताय पण वर ३५ अंशाचा भलामोठा बर्फाचा पंखा लटकलाय, तर तुम्ही त्याच्या टप्प्यातच आहात.

इथे सह्याद्रीची एक सवय घात करते. आपल्याकडे वर जायचं तर नाळ म्हणजे दोन कड्यांमधली घळ शोधतो, नाळेतून चढलं की दोन्ही बाजूला आधार, घसरायची भीती कमी. बर्फात हे उलटं होतं. वरचा सगळा बर्फ नाळेतूनच खाली येतो, आणि नाळेत सापडलेल्या माणसावर थोडा बर्फ आला तरी खोल गाडला जातो कारण पसरायला जागाच नसते. तिकडे सोंड, म्हणजे डोंगराची खाली उतरत आलेली धार, धरायची, सोंडेवर वारा लागेल, चाल थोडी जास्त पडेल, पण सोंडच धरायची. जंगल दाट आणि जुनं असेल तर चांगलं. भोजपत्राची झाडं सगळी खालच्या बाजूला वाकलेली दिसली, किंवा झाडांच्या चढाकडच्या फांद्या मोडलेल्या, किंवा जंगलाच्या मधोमध वरून खालपर्यंत साफ पट्टा, तर ती हिमस्खलनाची नेहमीची वाट आहे, तिथे तंबू नाही, जेवण नाही, नाश्ता नाही.

अंदाज कुठे बघायचा

चंदीगडला डीआरडीओची डीजीआरई म्हणून संस्था आहे, आधी सासे नावाने होती, २०२० मध्ये विलीन होऊन हे नवीन नाव झालं. ते काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीमसाठी जिल्ह्यानुसार हिमस्खलनाचा इशारा देतात, अमुक जिल्ह्यात अमुक मीटरच्या वर धोका एवढा असं. धोक्याच्या पातळ्या १ ते ५ अशा असतात. यात ३ बघून लोक फसतात, मधला आकडा आहे म्हणजे मध्यम असेल असं धरून चालतात. युरोपातला अनेक वर्षांचा अनुभव असा आहे की सगळ्यात जास्त मृत्यू ३ असतानाच होतात, कारण ४-५ ला लोक घरात बसतात. आपल्यासारख्या हौशी ग्रुपने ३ ला ३० अंशाच्या वरच्या उतारावर किंवा त्याच्या खाली जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सोबत हवामान खात्याचा त्या राज्याचा अंदाज निघायच्या आठवडाभर आधीपासून रोज बघत जा, वेस्टर्न डिस्टर्बन्स येतोय असं दिसलं तर तारखा जुळवून घ्या. वर गेल्यावर नेटवर्क जातं, म्हणून शेवटच्या गावात शेवटचा अंदाज बघून कागदावर लिहून घ्या. आणि तिथल्या माणसांना विचारा, घोडेवाले, मेंढपाळ, गावातले म्हातारे, कोणत्या नाल्यात दरवर्षी बर्फ येतो हे त्यांना माहीत असतं. नेटवर्क नाही म्हणून सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवर मेसेज पाठवणारं यंत्र परदेशातून मागवून नेऊ नका, परवानगीशिवाय ते बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, विमानतळावर माणसं अडकली आहेत. घरच्यांकडे मात्र रोजचा मुक्काम, गाइडचा नंबर, आणि अमुक तारखेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं हे लिहून ठेवा, आणि ती तारीख टाकताना ते जास्तीचे दोन दिवस धरूनच टाका नाहीतर घरी उगाच घाबरतील.

सामान, आणि आयोजकाला विचारायचे प्रश्न

बर्फाच्या उभ्या उतारावरून जाणार असाल तर तीन वस्तू प्रत्येकाकडे लागतात: बीकन, प्रोब आणि फावडं. बीकन छातीवर कपड्याच्या आत बांधायचा, तो ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल सोडत राहतो आणि कोणी गाडलं गेलं तर बाकीच्यांनी आपला बीकन शोधण्याच्या मोडवर टाकून त्याच्यापर्यंत पोचायचं. प्रोब म्हणजे घडीची लांब सळई, २४० सेंटीमीटर तरी हवी. फावडं धातूचंच, प्लॅस्टिकचं नको, घसरून थांबलेला बर्फ इतका घट्ट होतो की हाताने उकरताच येत नाही. मोबाईल बीकनपासून एरवी २० सेंटीमीटर तरी लांब ठेवा आणि शोधताना ५० सेंटीमीटर, नाहीतर सिग्नलमध्ये गडबड होते.

यातलं एक असून दोन नसेल तर उपयोग शून्य, आणि तिन्ही असून प्रॅक्टिस नसेल तरी तेच. गोल्फ क्लब ग्राउंडवर सकाळी सहाला एक बीकन बॅगेत घालून कुठे तरी लपवा आणि ग्रुपला घड्याळ लावून शोधायला लावा. पाच मिनिटांच्या आत जमेपर्यंत करत राहा.

साध्या कमर्शियल ट्रेकला ही साधनं बहुतेक वेळा नसतात. म्हणून पैसे भरायच्या आधी विचारा: वादळात थांबायला जादा दिवसाचं रेशन आहे का, परत फिरायचा निर्णय कोण घेतो आणि तेव्हा पैशांवरून वाद होतो का, लीडरने उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी बेसिक कोर्स केलाय का, कॅम्पच्या जागा कोणत्या उताराखाली आहेत. उत्तर गोलगोल मिळालं, टेन्शन घेऊ नका असं ऐकायला मिळालं, तर दुसरा आयोजक बघा. कोर्स केला म्हणून कोणी सुरक्षित होतं असंही नाही, ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ वर त्याच संस्थेच्या अॅडव्हान्स कोर्सच्या टीमवर हिमस्खलन आलं, त्यात त्याच वर्षी एव्हरेस्ट करून आलेली सविता कंसवाल पण गेली. अनुभवी माणसं सोबत असताना जर हे होतं तर आपण किती अंतर ठेवून राहिलं पाहिजे याचा विचार करा.

वादळ सुरू झालं, तुम्ही कॅम्पवर आहात

पहिलं काम, तंबू कुठे लागलेत ते परत बघा. वर मोठा उतार असेल, नाल्याच्या तोंडाशी असाल, तर अजून दिसतंय तोवर सोंडेवर किंवा दाट झाडीत हलवा, रात्री दोन वाजता हलवायची वेळ आणू नका.

मग एक काठी मोकळ्या जागी रोवून खूण करा आणि दर तासाला किती बर्फ पडला ते वहीत लिहा, वाऱ्याची दिशा पण लिहा. तासाला २-३ सेंटीमीटरने पडत असेल किंवा २४ तासांत ३० सेंटीमीटर झाला तर उद्या पास नाही, हे आत्ताच ठरवून टाका आणि सगळ्यांना सांगून टाका. असं आधी ठरलेलं असलं की सकाळी ऊन बघून कोणाचा मूड बदलत नाही. वारा जोरात असेल तर याहून कमी बर्फ पुरतो.

तंबूवरचा बर्फ रात्रीतून उठून उठून झाडत राहा. आणि कृपा करून बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नका, कितीही थंडी असली तरी, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

आकाश उघडलं

हा सगळ्यात फसवा दिवस. निळं आकाश, पांढरंशुभ्र सगळं, ग्रुपमध्ये उत्साह, आणि धोका तेव्हा सगळ्यात वर असतो. एप्रिल-मेचं ऊन कडक असतं, नव्या बर्फात तासा-दोन तासात पाणी सुटायला लागतं. आधी पूर्वेकडचे उतार तापतात, मग दक्षिणेकडचे, दुपारी पश्चिमेकडचे. उत्तरेकडच्या उतारांना ऊन कमी लागतं म्हणून ते लवकर बसतच नाहीत, तिथे धोका जास्त दिवस टिकतो.

आजूबाजूला बघा. समोरच्या डोंगरावर ताजं हिमस्खलन झालेलं दिसतंय का, दिसलं तर तुमच्या बाजूच्या तशाच उतारावर जायचं नाही, विषय संपला. पाय टाकला की खालून धप्प असा दबका आवाज येऊन बर्फ बसल्यासारखा वाटला, किंवा पायापासून पुढे तडे पळत गेले, तर थर सुटायला तयार आहे, आल्या पावली मागे फिरा. उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळायला लागले, बूट घोट्याच्या वर रुतायला लागला, की ओला बर्फ सुटायची वेळ झाली.

दोन दिवस थांबून, रात्र निरभ्र जाऊन बर्फ कडक गोठला असेल तर पहाटे तीन-चारला निघायचं आणि ऊन तापायच्या आत, साधारण दहापर्यंत, उभ्या उतारांच्या बाहेर पडायचं. रात्र ढगाळ गेली तर बर्फ गोठत नाही, मग पहाटे निघून सुद्धा फायदा नाही, आणखी एक दिवस थांबा.

उतार ओलांडावाच लागला तर एका वेळी एकच माणूस, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवर थांबून त्याच्यावर नजर ठेवायची. काठीचे पट्टे मनगटातून काढा, सॅकचा छातीचा आणि कमरेचा पट्टा सैल करा, जॅकेटची चेन वरपर्यंत लावा. उताराच्या मध्ये थांबून व्हिडिओ नाही. नाल्यावरच्या बर्फाच्या पुलावरून जाताना खाली पाणी वाहतंय हे लक्षात ठेवा, दुपारी तो पूल सकाळचा राहत नाही.

सापडलंच कोणी तर

ज्याच्यावर आलं त्याने जोरात ओरडायचं, काठ्या सोडायच्या, बाजूला निसटायचा प्रयत्न करायचा, वर राहण्यासाठी हातपाय मारत राहायचं. वेग कमी व्हायला लागला की लगेच हात तोंडासमोर आणून श्वासाला जागा करायची, कारण बर्फ थांबल्यावर बोटही हलत नाही.

बाकीच्यांनी तो शेवटचा कुठे दिसला ती जागा डोळ्यात पक्की धरायची. आधी वर बघा, आणखी बर्फ यायची शक्यता आहे का. मग सगळे कामाला लागा. मदत आणायला म्हणून खाली पळत सुटू नका, पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलं तर दहापैकी नऊ जण वाचतात, अर्ध्या तासानंतर तीनातला एक. कोणतीही टीम खालून एवढ्या वेळात येऊ शकत नाही, त्याला वाचवणारे तुम्हीच. माणसं जास्त असतील तर एकाने ११२ ला फोन लागतो का बघायचं, बाकीच्यांनी शोधायचं.

बीकन असतील तर सगळ्यांनी शोध मोडवर टाका, एकही सोडून नाही. नसतील तर बर्फावर हातमोजा, टोपी, सॅक काही दिसतंय का बघत खाली जा, दिसलेली वस्तू ओढून बघा पण जागेवर खूण ठेवा, आणि शेवटच्या जागेच्या खालच्या सरळ रेषेत, झाडाच्या-खडकाच्या वरच्या बाजूला, जिथे बर्फाचा ढीग साठलाय तिथे प्रोब नाहीतर काठी खुपसत जा. प्रोब लागला की तो उपसू नका, तसाच ठेवून उताराच्या खालच्या बाजूने आडवं खणत आत जा, सरळ वरून खणलं तर त्याच्याच अंगावर उभे राहाल आणि वेळही जास्त जातो.

डोकं दिसलं की आधी तोंड-नाक मोकळं करा, छातीवरचा बर्फ काढा, श्वास नसेल तर तोंडाने श्वास देऊन सीपीआर तिथेच चालू करा, पूर्ण बाहेर काढायची वाट बघत बसू नका. बाहेर काढलेल्या माणसाला आडवंच ठेवा, झटके देऊ नका, हातपाय चोळू नका, ओले कपडे बदलून स्लीपिंग बॅगमध्ये घाला, खाली मॅट टाका. तो बोलायला लागला, मी ठीक आहे म्हणाला तरी त्याला चालवत नेऊ नका, आणि सगळ्यांनी मिळून त्या उताराच्या टप्प्याबाहेर हलवून मगच मदतीची वाट बघत बसा.